पाणलाव्यांची शिकार, अंदाजे १८६०

सिंगापूर, २८ जानेवारी २०२६

प्रिय राजस,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून हा ईमेल. हा पत्ता अजून चालतो का, हे उल्काला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "बघतो तो मेल, ताई. उत्तर देईल की नाही, ते मात्र मला विचारू नका." बायको म्हणून तुझी बाजू घ्यायची आणि नणंद म्हणून मला दुखवायचं नाही, अशी तिची ओढाताण होते. तिला यात फार ओढायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

पत्र कामाचं आहे. आमच्या लिलावगृहाकडे एक मोठा संग्रह विकायला आला आहे. सगळी एकोणिसाव्या शतकातली चित्रं, आणि सगळ्यांचा विषय एकच: खेड्यापाड्यात, शेतात, दलदलीत चाललेली पक्ष्यांची शिकार. बहुतेक इंग्लंडमधली आहेत. कुंपणापलीकडे उडणारे तित्तिर, तोंडात बदक धरलेला कुत्रा, झाडाखाली बसून जेवणारे शिकारी आणि शेजारी पाय बांधून उलटे टांगलेले पक्षी. इथल्या पाया लेबार भागातल्या ऑफिसात माझ्या टेबलाभोवती सध्या ही एवढी मेलेली पाखरं आहेत. परवा जाई शाळेतून थेट तिथे आली. सगळं बघून म्हणाली, "आई, पक्षी तर ऑलरेडी मेलेत. मग हे सगळे इतके हॅपी का?"

या संग्रहाच्या जोडीला दुसऱ्या मालकाकडून आलेलं एकच चित्र आपल्याकडचं आहे. कापणी झालेलं भाताचं शेत, पहाटेचं धुकं, बंदूक रोखलेला एक साहेब, त्याचा कुत्रा आणि चिखलातून उडालेले पाणलावे. कागदपत्रांत लिहिलं आहे: 'पाणलाव्यांची शिकार, कोकण, अंदाजे १८६०, अज्ञात इंग्रज चित्रकार.' चित्र तपासून अभिप्राय मला द्यायचा आहे. म्हणून पक्ष्यांबद्दल एक प्रश्न. पाणलावा दचकून उडतो तेव्हा पहिल्या क्षणी त्याचं अंग एका बाजूला कलतं का? एक पंख पूर्ण उघडा आणि दुसरा कोपरात मुडपलेला, असं होतं का? तू इतकी वर्षं त्यांचे फोटो काढतो आहेस, तुला माहीत असणार.

एवढंच. चित्राचा फोटो बाहेर पाठवायची आम्हाला परवानगी नाही. दुसरं काही विचारायचं नाही.

ताई


सिंगापूर, ३ फेब्रुवारी

राजस,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण आता सरळच लिहिते, कारण वेळ कमी आहे.

मी पक्ष्यांबद्दल विचारलं ते माहिती हवी म्हणून नाही. ते चित्र तुझं आहे. पेटीतून काढून इझलवर ठेवलं त्या क्षणीच मला कळलं.

कसं, तेही सांगते. त्या काळचे चित्रकार शिकारीत मारलेला पक्षी घरी आणत, दोऱ्याने छताला टांगत आणि त्यावरून उडणारा पक्षी रंगवत. त्यामुळे त्यांचे उडते पक्षी दोन्ही पंख सारखे पसरून, कोणीतरी धरून ठेवल्यासारखे हवेत असतात. त्यात त्यांची चूक नाही. पाणलावा उडतानाचा तो पहिला क्षण माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. तो कॅमेऱ्यालाच दिसतो, आणि असा कॅमेरा १८६० साली नव्हता. या चित्रातले पाणलावे मात्र वळताहेत, कलताहेत, एकाचा पंख मुडपलेला आहे, एकाची शेपटी पंख्यासारखी उघडली आहे. सगळ्या संग्रहात जिवंत पक्षी एवढेच. खोटं चित्र पकडायचं तर त्यात चूक शोधावी लागते. हे चित्र सापडलं ते त्यातल्या खरेपणामुळे.

साहेब मात्र वाईट आहे. ताठ, लाकडी, एखाद्या छापील चित्रावरून उचललेला. माझी वरिष्ठ हुई मिन हसून म्हणाली, "पक्षी एकाने काढलेत आणि माणूस दुसऱ्यानेच." तिला संशय नाही. ती व्यवस्थापन बघते, चित्रांच्या बाबतीत माझ्या शब्दावर चालते.

आता अडचण ऐक. लिलावाआधीच गिऱ्हाईक तयार आहे. इथले एक वयस्कर संग्राहक आहेत, त्यांना चिनी नववर्षाच्या आत चित्र घरी लावायचं आहे. १२ तारखेला व्यवहार. चित्रासोबत लंडनच्या कुणा तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आलेलं आहे, त्यामुळे रंगांची तपासणी करायचीच असा कुणाचा आग्रह नाही. मी मागितली तर होईल, नाही मागितली तर होणार नाही. तू पांढरा वापरतोस तो टायटॅनियमचा, आजच्या कुठल्याही दुकानात मिळणारा. त्या काळी तो अस्तित्वातच नव्हता. सुईच्या टोकाएवढा रंग काढला तरी सगळं उघडं पडेल.

मला एवढंच सांग: तू हे जुनं म्हणून विकायला काढलंस का? की तुझ्या नकळत कुणी हे केलं?

एक स्पष्ट करते. दोन वर्षांपूर्वी बाबांना गोव्याच्या हॉस्पिटलातून सही करून तू घरी नेलंस, डॉक्टर नको म्हणत असताना, मी फोनवर रडत असताना. मी मुंबईला बेड मिळवला होता. तीन आठवड्यांत बाबा गेले. त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण ते भांडण वेगळं आणि हे वेगळं. यात तुझं नाव निघालं तर प्रकरण पोलिसांत जाईल. मला अंधारात ठेवू नकोस.

ताई


सिंगापूर, ६ फेब्रुवारी

राजस,

आज तो मला भेटला. निशिकांत.

चित्राचा मालक म्हणून एका कंपनीचं नाव होतं, त्यामुळे मला पत्ता नव्हता. दुपारी खाली कॉफी घ्यायला गेले तर एक माणूस समोर येऊन बसला. पांढरा लिननचा शर्ट, मनगटात रुद्राक्ष. मराठीत म्हणाला, "सुनेत्राताई ना? कुडाळच्या. नेरुरकर सरांच्या कन्या."

मी विचारलं, "आपण?"

"मी निशिकांत. मुंबईत माझी छोटी गॅलरी आहे. ते पाणलाव्यांचं चित्र माझंच. म्हटलं, आपल्या माणसाच्या हाती काम आहे, तर भेटून यावं."

मी म्हटलं, चित्राबद्दल बोलायचं तर ऑफिसात वर चला, हुई मिनसमोर बोलू.

तो हसला. "कशाला? तुम्ही, मी आणि राजस. आपल्या तिघांच्या पलीकडे हे जायची गरजच काय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. या शहरात इतकी लिलावगृहं असताना चित्र आमच्याकडेच का आलं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी इथे आहे म्हणून ते इथे आलं. बहीण भावाला तुरुंगात पाठवणार नाही, या हिशेबावर त्याने सगळं उभं केलं आहे.

मी सरळ विचारलं, "आणि मी तपासणी मागितली तर?"

कपातली साखर तो शांतपणे ढवळत राहिला. "तर मी फसलो, असं म्हणेन. चित्र राजसने दिलं. घरात सापडलं, पणजोबांच्या वेळचं आहे, असं सांगून दिलं. मी पडलो व्यापारी माणूस, विश्वास ठेवला. ताई, चित्र माझ्या हाताने काढलेलं नाही. ते ज्याच्या हाताने काढलंय, त्याचा हात जगजाहीर आहे." उठताना म्हणाला, "तुम्ही घरच्यांचा विचार करणाऱ्या आहात, हे राजसनेच सांगितलंय मला."

तू सांगितलंस? माझ्याबद्दल, या माणसाला?

कॉफी खालीच विसरून वर गेले. हुई मिनने विचारलं, "बरं वाटत नाही का? अभिप्राय सोमवारपर्यंत मिळेल ना?" मी हो म्हटलं. आता तिच्याशीही खोटं बोलायला लागले आहे.

संध्याकाळी घरी अभयला सगळं सांगितलं. चांगी बिझनेस पार्कातून तो नुकताच आला होता, गळ्यातलं ऑफिसचं कार्डही काढलेलं नव्हतं. ऐकून त्याने ते काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "तू आधी राजसला का लिहिलंस? आधी हुई मिनला सांगायचं होतंस. जितके दिवस गप्प राहशील, तितकी तूही त्यात येशील." मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. तर म्हणाला, "दोन वर्षं मी तेच तुला सांगत होतो, तेव्हा तू ऐकत नव्हतीस."

राजस, माझ्यापुढे दोन कागद आहेत असं समज. एकावर लिहायचं, चित्र अस्सल आहे. दुसऱ्यावर लिहायचं, तपासणी करा. पहिल्यावर सही केली तर निशिकांत आयुष्यभर माझ्याकडे येत राहील, दर वेळी एक नवं चित्र घेऊन. दुसऱ्यावर केली तर तो तुझं नाव घेईल, आणि तू गप्प असशील तर त्याचंच खरं ठरेल.

सोमवारी मी कुठला कागद देणार, ते मी ठरवलं आहे. तुला सांगत नाही. आधी तू बोल. मला तुझ्याकडून ऐकायचं आहे, त्याच्याकडून नाही.

ताई


कुडाळ, ७ फेब्रुवारी

ताई,

तीनही पत्रं वाचली. पहिलं वाचून हसू आलं. पाणलाव्याचा पंख कसा मुडपतो, हे तू मला विचारतेस म्हणजे काहीतरी शिजतंय, हे तेव्हाच कळलं. तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं.

मी चित्र जुनं म्हणून दिलं नाही. पणजोबांचं वगैरे काही बोललो नाही. पण मी अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असंही नाही. सगळं सांगतो, मग तू ठरव. नाहीतरी ठरवतेस तूच, फोनवरून.

त्या चित्रात आधी साहेब नव्हता. बाबा होते.

गोव्याहून आणल्यावर बाबांना बिछान्यातून उठवत नव्हतं. पण मागच्या शेतात पाणलावे उतरलेत, हे त्यांना आवाजावरून कळायचं. रोज विचारायचे, किती आहेत. एका सकाळी मी आणि उल्काने त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून बांधावर नेलं. घोंगडी पांघरून ते तिथे बसले. नंतर रोजच नेऊ लागलो. ते गेल्यावर मी ते चित्र काढायला घेतलं. पक्षी झटझट झाले, हात थांबतच नव्हता. शेत झालं, धुकं झालं. बाबांची बसण्याची ढबही आली. चेहरा येईना. किती वेळा पुसला असेल, ठाऊक नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता मळका डाग राहिला.

निशिकांत गोव्याला जाता-येता आमच्याकडे यायचा. माझी दोन-तीन पक्ष्यांची चित्रं त्याने विकली होती. हे अर्धवट चित्र त्याने बघितलं आणि तो हललाच नाही तिथून. म्हणाला, "पक्षी अफलातून आहेत. या म्हाताऱ्याला काढून टाक आणि इथे एक साहेब उभा कर, बंदूक घेऊन. महाबळेश्वरला एक रिसॉर्ट होतंय, त्यांना जुन्या धाटणीची शिकारीची चित्रं हवीत. सही करू नकोस, सजावटीसाठीच आहे."

सजावटीसाठी असेल तर सही का नको, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, ताई. मी तो विचारला नाही. हा माझा गुन्हा. त्याला तू जे नाव देशील ते दे.

पण साहेब काढला तो निशिकांतने सांगितलं म्हणून नाही. मला त्या चेहऱ्याच्या डागाकडे बघवत नव्हतं. रोज स्टुडिओत गेलं की तो डाग. आणि तुझं वाक्य कानात: "तू बाबांना मारलंस." एका दुपारी मी बाबांवर साहेब चढवला. खुर्चीवर त्याचे बूट आले. घोंगडीवर कोट आला. मांडीवरच्या हातांवर बंदूक आली. संध्याकाळपर्यंत बाबा संपले. मग घरात येऊन जेवलो आणि झोपलो. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

चित्र गेल्यावर त्याचं काय झालं, मला माहीत नाही. त्याने मागून जुनं कापड लावलं असेल, पिवळं व्हार्निश चढवलं असेल. तो त्यात हुशार आहे. तुझ्याबद्दल मी त्याला कधीतरी बोललो असेन. रागात बोललो असेन.

आता तुझ्या दोन कागदांबद्दल. खरं सांगू? तू ते अस्सल ठरवावंस असं मला दोन दिवस वाटत होतं. माझे पक्षी लंडनच्या तज्ज्ञाला पटले, सिंगापूरच्या श्रीमंताला पटले. माझ्या नावावर कुडाळच्या बाजारातही कुणी भाव दिला नाही. राहू दे त्या मेलेल्या इंग्रजाचं नाव, असं वाटलं.

पण साहेबाच्या पोटात बाबा आहेत. कुणाच्या तरी दिवाणखान्यात ते तसे राहणार, हे काल उल्काशी बोलताना पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं गेलं.

तपासणी कर. मी कुणालाही काहीही सांगायला तयार आहे.

राजस


सिंगापूर, १० फेब्रुवारी

राजस,

काल सकाळी हुई मिनच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सांगितलं, "चित्र खोटं आहे. ते माझ्या धाकट्या भावाने काढलंय."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पेटी उघडली तेव्हापासून."

"आणि तू मला आज सांगतेस."

मी म्हटलं, "हो."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "गेल्या आठवड्यात मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन आले, सुनेत्रा. चित्रासाठी भिंत रिकामी केली आहे त्यांनी. मी माझ्या तोंडाने सांगितलं, आमच्या बाईंची नजर पक्की आहे." मग तिने निशिकांतबद्दल विचारलं. मी कॉफीच्या टेबलावरचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. तुझं पत्रही भाषांतर करून वाचून दाखवलं. वाचताना एका जागी थांबावं लागलं. तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, पण चेहरा तसाच होता. म्हणाली, "हे तुझ्या भावाचं म्हणणं झालं. तो समोरचा माणूस उलटं सांगेल. शब्दाला शब्द. दाखवण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, "साहेब."

आज सकाळी चांगीजवळच्या आमच्या गोदामात चित्र इन्फ्रारेड कॅमेऱ्यासमोर ठेवलं. या कॅमेऱ्याला वरच्या रंगाखालचं दिसतं. हुई मिन होती, कंपनीचे वकील होते. मला खोलीत राहू दिलं, पण कशालाही हात लावायचा नाही या अटीवर. संगणकाच्या पडद्यावर चित्र वरून पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं. आधी आकाश, मग पक्षी. त्यांच्याखाली काहीच नव्हतं, एकाच हाताने एकदाच काढलेले. मग साहेबाची टोपी आली, आणि टोपीच्या आतून दुसरं डोकं दिसायला लागलं, जरा खाली, जरा कललेलं.

राजस, मला भीती वाटत होती. तू लिहिलंस ते खोटं निघेल याची नाही. ते खरं निघेल याची.

पुढच्या पट्टीत खांदे आले, घोंगडीच्या घड्या आल्या. त्याच्या पुढच्या पट्टीत खुर्चीची पाठ. आडव्या फटींची, गोल हातांची, प्लास्टिकची खुर्ची. इथल्या प्रत्येक खाऊगल्लीत, हॉकर सेंटरमध्ये, ती असते. वकिलांना आधी समजलंच नाही. हुई मिन मात्र फसकन हसली. "अठराशे साठ! अठराशे साठमध्ये ही खुर्ची!" मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हसू तसंच मिटलं.

ती म्हणाली, "हे कोण?"

मी सांगितलं, "माझे वडील."

कॅमेरा आपला खाली सरकत होता. कुत्रा आला. कुत्र्याच्या खाली नुसती जमीन होती.

वकील म्हणाले की हा भक्कम पुरावा आहे. ज्याला जुनं चित्र बनवून फसवायचं आहे, तो सुरुवातीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला माणूस रंगवणार नाही. पण इथल्या आणि मुंबईच्या पोलिसांसमोर तुझा जबाब लागेल, आणि तोही निशिकांतच्या आधी. तो काल संध्याकाळच्या विमानाने निघून गेला, हॉटेलातून कळलं. म्हणजे त्याला कुणकुण लागली आहे. तू उद्याच्या उद्या वकील घेऊन पोलीस ठाण्यात जा. सही नको म्हणाला तेव्हा तुला शंका आली होती, हेही सांग. तेच आधी सांग. लपवलंस आणि नंतर निघालं, तर बाकीचंही कुणी खरं मानणार नाही. हे मी कालच शिकले आहे.

गेलास की उल्काच्या फोनवरून तरी मला कळव. मी फोन हातातून खाली ठेवत नाही.

ताई


सिंगापूर, ८ मार्च

प्रिय राजस,

काल मुंबईहून कळलं. निशिकांतला ताब्यात घेतलं आहे. त्याच्या गॅलरीच्या माळ्यावर अशीच आणखी चित्रं सापडली, वेगवेगळ्या चित्रकारांची, काही तर अजून ओली. त्यातल्या दोन चित्रकारांनी तुझ्यासारखाच जबाब दिला. तुला साक्षीदार धरलं आहे. चौकशी चालू राहील, बोलावतील तेव्हा जावं लागेल, पण तुझ्यावर गुन्हा नाही. उल्काने हे तुला सांगितलंच असेल. मला स्वतः लिहायचं होतं.

माझं म्हणशील तर, माझा अभिप्राय आता इथे चालत नाही. दोन आठवडे गप्प राहिले, त्याची ही किंमत. नोकरी ठेवली आहे, पण पेट्या येतात-जातात त्यांची नोंद बघायची. हुई मिन कामापुरतं बोलते. वर्षभराने बघू, म्हणाली. अभय म्हणतो, सोडून दे. मी अजून ठरवलेलं नाही. चित्रं बघितल्याशिवाय मला करमत नाही, हे तुला माहीत आहे.

त्या संग्राहकांना मी स्वतः भेटून माफी मागितली. ते चिडले नाहीत. रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मला शिकार कधी आवडलीच नाही. मला ते पक्षी हवे होते."

चित्र पुराव्यात आहे, सुटायला वेळ लागेल. सुटल्यावर काय करायचं, ते चित्रकार म्हणून तुला विचारायचं आहे. इथली चित्रं दुरुस्त करणारी बाई म्हणते, साहेबाचा रंग अजून कोवळा आहे, तो काळजीपूर्वक उतरवता येईल. बाबांना थोडा धक्का लागेल, पण बरेचसे वाचतील.

तू लिहिलंस की चेहरा जमला नाही. इन्फ्रारेडमध्येही तिथे डागच आहे. पण मान डाव्या खांद्याकडे किंचित झुकवून, हनुवटी पुढे काढून दूरवरचं ऐकणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. ती प्रिंट माझ्या कपाटात आहे. जाईने विचारलं, "आजोबा काय बघतायत?" मी म्हटलं, मला माहीत नाही, मी तिथे नव्हते.

आजवर हे वाक्य मी रागानेच म्हटलं होतं. तुला दोष द्यायला म्हटलं होतं. या वेळी नुसतं म्हटलं.

मला त्या सकाळबद्दल सांगशील? त्यांना उचलून बांधावर न्यावंसं तुला कसं वाटलं, कोण काय बोललं, सगळं. मला वाद घालायचा नाही. मला फक्त ऐकायचं आहे.

ताई


कुडाळ, १० मार्च

ताई,

साहेब उतरवायचा असेल तर मीच येऊन उतरवीन. मी चढवला, मीच उतरवीन. धक्का लागलाच तर माझ्या हातून लागू दे. तोपर्यंत त्या बाईला म्हणावं, हात लावू नकोस.

त्या सकाळबद्दल. फार काही नव्हतं. दव होतं, खुर्चीचे पाय चिखलात रुतत होते. उल्का डावीकडून, मी उजवीकडून. बाबा दोघांनाही शिव्या देत होते की नीट धरा, मी काय गणपती आहे का विसर्जनाचा. बांधावर टेकवल्यावर दम लागला, आम्हालाही आणि त्यांनाही. मग त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. आम्ही चिखलातच खाली बसलो. पंधरा-वीस हातांवर पाणलावे चोची खुपसत फिरत होते. आमचा पत्ता त्यांना नव्हता. बाबा इतके खूश होते की मला रडू यायला लागलं.

मला वाटलं, तुला हे बघायला मिळायला हवं. व्हिडिओ कॉल लावावा. तुझ्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी फोन काढला आणि बाबांच्या कानात विचारलं, "ताईला लावू का? बघेल तीपण."

बाबांनी मान हलवली. अगदी हळू, मालवणीत म्हणाले, "आत्ता नको. सुनेत्रा मोठ्यान बोलता. पक्षी उडान जातले."

उल्काने पदर तोंडात कोंबला. मला हसू आवरेना. बाबाही हसायला लागले, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मग त्यांना खोकला आला आणि पक्षी उडालेच. सगळे एकदम. तेच चित्रात आहेत.

हे मी तुला सांगितलं नाही, कारण तू आधीच रागात होतीस आणि हे ऐकून आणखी चिडशील असं वाटलं.

चिडलीस का? ब्लॉक काढलाय. फोन कर. हवं तेवढं मोठ्याने बोल.

राजस